काचेचा धागा आणि आमची खोली

"उद्यापासून या खोलीच्या खिडक्यांना काळे पडदे!" बिराजदार सरांनी टेबलावर हात आपटला.

"आणि माझ्या बायांनी अक्षरं काय चाचपडून वाचायची?" मीही आपटला. माझा जास्त वाजला. जन्मभर भाकऱ्या थापलेला हात आहे!

पंच्याहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. सोलापूरच्या पूर्व भागातलं आमचं संशोधन केंद्र म्हणजे एक मोठी खोली आणि तिला लागून एक बिनखिडकीची कोठी. मोठ्या खोलीत दिवसा डॉक्टरीणबाईंचा वस्तीच्या आरोग्याचा सर्व्हे, संध्याकाळी विणकर बायांचा माझा वाचनवर्ग. आता तीच संध्याकाळ सरांना हवी होती, त्यांच्या ऑप्टिकल फायबरच्या, म्हणजे उजेड वाहून नेणाऱ्या काचेच्या धाग्याच्या, प्रयोगाला. खोली गेली की वर्ग गेला. बायांना दुसरी जागा देणार कोण?

भांडण कसं मिटलं ते सांगते, पण आधी थोडं इकडचं तिकडचं. या केंद्रातले किस्से मागाखालच्या सुताच्या तुकड्यांसारखे. रोज झाडा, संध्याकाळी पुन्हा ढीग!

*

शाळेत मी गेले ती झाडायला. फळा पुसता पुसता वाचायला शिकले. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी मला सर्व्हेला घेतलं तेव्हा शिकलेल्यांनी नाकं मुरडली. मुरडोत बापडे! त्यांना लोक दारातूनच वाटेला लावायचे, मला आत बोलावून चहा द्यायचे.

अशाच एका घरी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी उकळून पिता का?"

"व्हय की! रोज दोनदा."

बाई खूश. "शाब्बास! कोणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? पत्ती टाकली की झाला चहा!"

"आक्का, हे 'होय' धरायचं की 'नाही'?" बाईंनी मला हळूच विचारलं.

मी म्हटलं, "आधी कप रिकामा करा, मग ठरवा."

*

दुसरा प्रश्न होता, 'आजारी पडल्यावर प्रथम कुठे जाता?'

एक विणकर म्हणाला, "कारखान्यात."

"अहो, आजारी पडल्यावर!"

"तेच की बाई. मालकानं डोळ्यांनी बघितल्याबिगर त्याला खरं वाटतंय व्हय?"

मी हसले. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी औषधांची पेटी उचलली आणि थेट कारखान्याच्या फाटकाशी नेऊन मांडली. शिकलेली बाई, पण कामाची!

*

आता आमची नरसम्मा. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि वाचता दोन्ही येत नव्हतं. वर्गात पहिल्या दिवशी म्हणाली, "आक्का, कमळ-बिमळ नको. दवाखान्याची पाटी वाचायला शिकवा."

वस्तीच्या दवाखान्यात एक शिपाई होता. कंटाळा आला की बायांना भिंतीवरची पाटी दाखवायचा. "लिहिलंय ना, दवाखाना बंद! वाचा." बाया बिचाऱ्या तापलेली पोरं घेऊन माघारी.

पावसाळ्यात नरसम्मा धाकटीला कडेवर घेऊन गेली. शिपायानं बोट दाखवलं. नरसम्मा पाटीसमोर उभी राहिली आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं, "ये-थे थुं-कू न-ये." मग वळून म्हणाली, "थुंकत न्हाय मी. सरका!"

त्या संध्याकाळी वर्गात बसायला जागा उरली नाही.

*

एकदा बिराजदार सर आपला काचेचा धागा घेऊन आमच्या वर्गात आले. माणूस हुशार, पण शिकवायला लागला की समोर कोण आहे ते विसरायचा. धागा टेबलाच्या पायाला गुंडाळला, एका टोकाशी टॉर्च धरली. दुसऱ्या टोकाला उजेडाचा एवढासा ठिपका! बायांनी तोंडाला पदर लावले.

"उजेड आतल्या आत आदळत वळणं घेतो," सर म्हणाले. "उद्या यातून हजारो माणसं एकाच वेळी बोलतील!"

"आमच्या कारखान्यात बोलतातच की," नरसम्मा म्हणाली. "मागाच्या खटखटीत ऐकू कुणाला येतंय?"

यावर सरही हसले. मग तिनं धागा चिमटीत धरून बघितला. "तुटला तर गाठ मारता येती?"

"नाही ना! तेच तर अवघड आहे."

"मग ह्याला धागा कोण म्हणालं?"

सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जणू प्रश्न मीच शिकवून ठेवला होता!

*

तर ते भांडण. डॉक्टरीणबाई मधे बसलेल्या, कपाळाला हात लावून. दारात नरसम्मा आणि बाकीच्या बाया पाट्या छातीशी धरून उभ्या.

"आक्का, मुंबईचे पाहुणे प्रयोग बघायला यायचेत. मला अंधार हवा!" सर म्हणाले.

"कोठीत आहे की मुबलक."

"कोठीत उंदीर आहेत!"

"ते वाचायला येत नाहीत, तुमच्या प्रयोगालाच येतील."

बाया खुसखुसल्या. सर लाल झाले. "तुम्हाला या कामाची किंमतच कळत नाही. उजेड कुठूनही कुठेही नेता येईल, कुठेही!"

"वळणावरून?"

"वळणावरून!"

"भिंतीपलीकडं?"

"भोक असलं की भिंतीपलीकडेसुद्धा! पैज लावतो!"

मी पदर खोचला.

"मग सर, तुम्ही बसा कोठीत, अन् तिथून उजेड पाठवा आमच्या फळ्यावर!"

पैज सरांनीच लावलेली; त्यांनी उंदरांसकट कोठी पत्करली आणि संध्याकाळची खोली आमच्याकडेच राहिली.