समोरच्या स्टुलावरचा ब्रो

धाकटा भाऊ 'ब्रो' हा शब्द कुठे कुठे वापरतो, हे मी बरेच दिवस ऐकत होतो. टॅक्सी थांबवायला ब्रो. फोनवर कुणाची वाईट बातमी कळली की नुसतं लांबवलेलं 'ब्रोऽ', त्यातच सगळं सांत्वन. चहा पाज म्हणायला ब्रो, आता पुरे म्हणायलाही ब्रो. ऑफिसातल्या एका मुलीलाही तो ब्रो म्हणतो आणि तिला त्यात काही वाटत नाही. सख्खा भाऊ असून मी तेवढा या शब्दाबाहेर. मला तो दादा म्हणतो.

लोअर परळच्या आमच्या चाळीत दिवाळीला कॅरमच्या जोडी-स्पर्धा होतात. जोडीदार समोरासमोर बसतात. लहानपणापासून त्याच्या समोरचं स्टूल माझं होतं. यंदा त्याने परस्पर दुसरं नाव दिलं. दुसऱ्या मजल्यावर भाड्याने आलेला, त्याच्याच ऑफिसातला मुलगा.

"तू बिझी असतोस ना दादा, म्हणून," तो म्हणाला. मी बिझी नव्हतो. त्याने विचारलं नव्हतं.

आमच्याकडे ज्याला जोडीदार नाही त्याला पंच करतात. बोर्डाशेजारी उभा राहिलो तेव्हा समोरच्या खोलीतले काका म्हणाले, "काय रे, भावान सोडल्यान तुका?"

"पंच कुणीतरी लागतोच, काका."

अंतिम सामन्यात दोघे चांगले खेळत होते. "ब्रो, कट मार." "ब्रो, राणी आधी." बोलणं एवढंच, बाकी नजरेने चाललं होतं. ती नजर मला ओळखीची होती.

राणी घेतल्यावर तो मुलगा सोंगटीसाठी वाकला आणि त्याचं कोपर चौकटीच्या आत आलं. मी फाउल दिला. फाउल खरा होता. तो व्हायची मी वाट बघत होतो, हेही खरं.

"काय यार, एवढ्याशासाठी?" तो मुलगा म्हणाला.

भावाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "दादाने दिला ना? मग फाउल." त्याने आपली एक सोंगटी काढून मध्ये ठेवली. मग समोर बघून हलकेच म्हणाला, "चिल, ब्रो. काढू आपण मॅच."

त्यांनी मॅच काढली. निकाल मीच पुकारला. टाळ्या संपायच्या आत तो मुलगा भावाच्या खांद्यावर हात टाकून जिना उतरत होता. बोर्ड पुसून ठेवायचं काम पंचाचं असतं.