जानेवारीतला सडा

परवा सुट्टीवर गेवराईला आले. पहिल्याच सकाळी आईनं अंगण झाडलं आणि पाण्याची बादली घेऊन दारात आली. तिनं पहिली ओंजळ उडवली मात्र, मी ओट्यावरून किंचाळले, "आई, थांब!" तिच्या हातातली बादलीच सुटली.

"कावून वरडायलीस गं? साप निघाला का काय?"

साप नव्हता, नुसता सडा होता. पण दोन वर्षं झाली तरी सकाळी दारात पाणी पडताना दिसलं की माझ्या काळजात धस्स होतं. का, ते आईला चांगलं माहीत आहे. त्या भानगडीत अर्धा वाटा तिचाच होता.

मी नर्स आहे. माहेर गेवराईचं, वडिलांचं किराणा दुकान. सासर पाटोद्याचं, नवरा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचा. बीडच्या एका दवाखान्यात सात वर्षं काढली, मग जर्मन शिकले, परीक्षा दिल्या आणि दक्षिण जर्मनीतल्या एका छोट्या शहरात, हाडांच्या वॉर्डात नोकरी लागली. मुलगी चार वर्षांची होती. तिला आईजवळ ठेवून गेले. माझ्या नावावर तिघांना पुरेल एवढ्या घराचा करार झाला की मगच तिचे आणि नवऱ्याचे कागद पुढं सरकणार होते. हॉस्टेलची खोली तीन महिन्यांपुरती. तेवढ्यात घर शोधायचं. मी म्हटलं, त्यात काय एवढं!

आमच्या दुकानावरच्या दोन खोल्या वडील भाड्यानं देतात. ते काय विचारतात ते मला पाठ आहे. गाव कुठलं, कुणाचे तुम्ही, तिथले अमके तुमचे कोण. चकलांब्याचा माणूस असो की परळीचा, दोन मिनिटांत कुणीतरी ओळखीचं निघतंच. मग चहा, मग किल्ली. जर्मनीत पहिलं घर पाहायला गेले तर जिन्यावर रेशन दुकानासारखी रांग. प्रत्येकाच्या हातात फाईल, फाईलमध्ये फोटो, पगारपत्रक, आधीच्या घरमालकाचा दाखला. एका जोडप्यानं तर कुत्र्याचाही फोटो लावला होता, खाली त्याच्या स्वभावाबद्दल चार ओळी. मी आ वासून बघत राहिले. माझ्या स्वभावाबद्दल एक ओळ लिहून द्यायला तिथं माझं कुणी नव्हतं.

अकरा घरं पाहिली. अकरा नकार आले, आणि ते इतके गोड भाषेत की वाचून आधी आभार मानावेसे वाटायचे. मग जिवाचा संताप व्हायचा.

बारावी घरमालकीण सत्तरीपुढची, वरच्या मजल्यावर राहणारी. तिनं माझी फाईल उघडलीच नाही. एवढंच विचारलं, की सफाईची पाळी पाळाल ना? तिथली रीत अशी, की दर आठवड्याला एका घरानं जिना, दार आणि रस्त्यापर्यंतची वाट झाडायची. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक लाकडी पाटी लटकते. आठवडा संपला की ती आपण शेजाऱ्याच्या दारावर अडकवायची. मी इतक्या जोरात मान हलवली की बाई हसली. गेवराईच्या पोरीला दार झाडायला शिकवायचं?

धक्का मात्र बसलाच. माझ्या नोकरीचे वडिलांनी अख्ख्या बाजारात पेढे वाटले होते, आणि इथं समोरच्या घरातले डॉक्टर शनिवारी खराटा घेऊन रस्त्यावर! आमच्या तळमजल्यावर एक म्हातारबाबा एकटेच राहायचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. ते तर फरशीच्या फटींतलं गवत सुरीच्या टोकानं उपटायचे. मी हसून नमस्कार केला की ते घड्याळाकडे बघायचे. मला तो माणूस मुळीच आवडला नव्हता.

जानेवारीत माझ्या दारावर पाटी आली. आईला फोनवर सांगितलं तर ती खूश.

"झाडतीस ते बरं हाय. पन नुसतं झाडून ठिवू नको बाई, सडा टाक. कोरड्या दारात लक्षुमी येत न्हाई. अन् आपली पोरगी बी त्याच दारातून यायचीय ना?"

त्या शेवटच्या वाक्यानं घात केला. दुसऱ्या दिवशी पहाटे, ड्यूटीला जायच्या आधी खाली उतरले. बर्फ पडला तर तो बाजूला सारून वाटेवर बारीक खडी टाकायची, हे मला घरमालकिणीनं सांगितलं होतं. पण बर्फ पडलाच नव्हता, आभाळ कोरडं होतं. मी वाट झाडली, कोमट पाण्याची बादली आणली आणि दारापासून रस्त्यापर्यंत ओंजळीओंजळीनं सडा टाकला. पाण्यातून वाफा निघाल्या. फरशी काळीभोर झाली. चार महिन्यांत पहिल्यांदा वाटलं, की हे घर आपलं आहे. फोटो काढून आईला पाठवला आणि बस पकडली.

बाहेर उणे सात होतं. रोज चाळीस माणसांचा ताप मोजणारी मी बाई! शून्याखाली पाण्याचं काय होतं ते शाळेत घोकलं होतं. पण पोरीच्या वाटेवर सडा टाकताना शाळा कुणाला आठवते?

नऊच्या सुमाराला वॉर्डात नवा पेशंट आला. वय अठ्ठ्याहत्तर, मनगट मोडलेलं, खुब्याचा एक्सरे व्हायचा होता. खाट आत आली आणि मी चेहरा पाहिला. आमचे म्हातारबाबा. दे माय धरणी ठाय झालं मला.

ते डॉक्टरांना सांगत होते, "वाट सगळी काचेसारखी झाली होती. बर्फ तर पडला नाही. पाइप फुटला असणार." डॉक्टरांनी मान हलवली. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मी त्यांच्या धडक्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला.

खरं सांगते, पहिला विचार गप्प बसायचा आला. पाइप फुटला, विषय संपला. बोलले तर घर जाणार, घर गेलं की मुलीचे कागद तिथंच अडकणार. पोरगी रोज फोनवर विचारायची, आता किती वेळा झोपायचं मग मी येनार? हात दाखवून अवलक्षण कोण करून घेतं?

जेवणाच्या सुट्टीत मोबाइल उघडला. आईनं तो फोटो स्टेटसला ठेवला होता, वर "लेकीचं जर्मनीचं अंगण". खाली मला निरोप: "समद्यांनी बगितलं. लई चांगलं दिसायलंय." मावशीनं हात जोडले होते, दुकानाशेजारच्या फळवाल्या चाचांनी फूल पाठवलं होतं. म्हणजे माझा गुन्हा पाहून अर्धी गेवराई कौतुक करत होती. मला आईचा राग आला, मग माझा आला, मग पाण्याला पाणी म्हणून राहू न देणाऱ्या त्या देशाचा आला. आणि तशीच उठून म्हातारबाबांच्या खाटेशी गेले.

"पाइप फुटला नाही. पाणी मी टाकलं."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "कशासाठी?"

दुखतंय कुठं, किती दुखतंय, पोट साफ झालं का, एवढं सगळं मला जर्मनमध्ये येत होतं. सडा येत नव्हता. मी मोडकंतोडकं सांगितलं, की आमच्याकडे सकाळी दार झाडून पाणी शिंपडतात. घरी कुणी येणार असेल तर नक्कीच.

"कोण येणार आहे?"

"माझी मुलगी. चार वर्षांची आहे. अजून भारतात आहे."

आता ते ओरडणार म्हणून मी तयारीत उभी होते. ओरडले असते तर फार बरं झालं असतं. गेवराईत माणूस ओरडतो, शेजारी जमतात, दोन्ही बाजू भांडतात आणि शेवटी चहा होतो. म्हातारबाबांनी शांतपणे विचारलं, "दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा आहे का तुमच्याकडे?"

होता. बरोबरच्या नर्सनं पहिल्याच आठवड्यात काढायला लावला होता, आणि तेव्हा मी तिला हसले होते.

"आहे."

"ठीक," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी तिथंच खांबासारखी उभी. माणसाचा हात मोडल्यावर तो विम्याचं विचारतो, हे माझ्या डोक्यात शिरेना.

घरमालकिणीला मी स्वतः जाऊन सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि दार लावलं. दोन दिवसांनी पत्र आलं. माझ्या डोक्यावर राहणारी बाई, माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजणारी, आणि तिनं तिकीट लावून पोस्टानं पत्र पाठवलं! हिवाळ्यात बाहेर पाण्याचा थेंब टाकायचा नाही. म्हातारबाबांचा हात बरा होईपर्यंत त्यांची पाळीही तुमची. पुन्हा अशी चूक झाली तर घर सोडावं लागेल. मी ते चार वेळा वाचलं. घर राहिलं होतं. स्वयंपाकघरात खाली बसून मी मोठ्यानं रडले.

मग हिवाळाभर झाडत राहिले, खडी टाकत राहिले. म्हातारबाबांचा खुबा शाबूत निघाला होता. हाताला प्लास्टर घालून ते खिडकीत बसायचे, आणि कोपरा राहिला की काचेवर टकटक करायचे. बोलायचे नाहीत.

मे महिन्यात व्हिसा आले. नवरा आणि मुलगी यायची त्या दिवशी मी विमानतळावर निघाले तर म्हातारबाबा जिन्यात भेटले. प्लास्टर निघालं होतं. मी म्हटलं, "आज येतायत."

"किती वाजता?"

"चार वाजता पोचू घरी."

बस, एवढंच बोलणं झालं.

बसमधून उतरलो. नवऱ्याच्या दोन्ही हातांत बॅगा, मुलगी माझ्या बोटाला. कोपऱ्यावरून वळले आणि वाट दिसली. काळीभोर, ओली, दारापासून रस्त्यापर्यंत. मुलीला खस्सकन वर उचललं आणि नवऱ्यावर ओरडले, "थांबा! पाय ठेवू नका!" मानेवर मे महिन्याचं ऊन चटकत होतं, तरी मला ते कळलं नाही.

मग म्हातारबाबा दिसले. दाराशी उभे, डाव्या हातात झाडांना पाणी घालायची हिरवी झारी. उजवा हात अजून वाकत नव्हता. त्यांनी पाणी शिंपडलं नव्हतं, सरळ ओतलं होतं. जागोजागी डबकी साचली होती.

त्यांनी घड्याळ बघितलं.

"सात मिनिटं उशीर," ते म्हणाले. "वाळत आलं होतं. पुन्हा टाकावं लागलं."

मुलगी कडेवरून घसरली आणि दोन्ही पायांनी डबक्यात उभी राहिली. तिनं ओल्या वाटेकडे बघितलं, दाराकडे बघितलं, मान वळवून सगळीकडे बघितलं.

"मम्मे," ती म्हणाली, "आज्जी कुटं हाय?"