टोपलीचा काठ

विसरवाडीच्या फाट्यावर एस.टी.नं मला सोडलं आणि ट्रकांच्या धुरळ्यात मी शिंकत उभी राहिले. गेल्या वर्षी नवापूरच्या बाजारात रमीलाबाईंकडून सूप घेतलं होतं. बोलता बोलता त्यांनी मुलीच्या लग्नाचं आवतण दिलं, आणि मी अशी आवतणं मनावर घेणारी बाई आहे.

"बठी जा ताई, जागा शे," म्हणत काळीपिवळीवाल्यानं जिथे जागा नव्हती तिथे मला बसवलं.

पाड्यावर सगळी घरं बांबूकाम करणारी. ओट्यावर रमीलाबाई आणि नवरी सविता बसल्या होत्या. मधे एक देखणी टोपली, फक्त काठ बांधायचा राहिलेली. घरात त्या आपली बोली बोलत, माझ्याशी बाजारातली अहिराणी.

"ही मला द्याल?" मी आल्या आल्या विचारलं.

"नई वं ताई. बूड माय विनस, काठ आंडेर (मुलगी) बांधस. मंगच टोपली तिनासंगे सासरे जास. आमना घरनी रीत शे."

पण सविता सुरतेला साड्यांना लेस लावायच्या कामावर; बांबूला हात लागून वर्षं झालेली. संध्याकाळी वऱ्हाड येणार, आणि काठाला पीळ देताना बांबूची कामटी पुन्हा पुन्हा तुटत होती. मदतीच्या हौसेनं मी कोयता उचलला आणि बोट कापून घेतलं. काम सोडून दोघींना मला हळद लावावी लागली.

दुपारी भाकरी, तुरीचं वरण आणि ठेचा. ठेच्यानं माझे डोळे भरले. सविताचेही भरले होते, पण तिनं ठेचा घेतला नव्हता.

"तुम्हीच बांधा ना, कोण बघतंय?" मी रमीलाबाईंना म्हटलं.

"मी बांधसू त तेमा आंडेरनं काय ऱ्हाई?"

सविता ताटावरून उठली. तिनं कामटी पातळ चिरली, भिजवली, आणि पीळ न देता साडीला लेस लावतात तसे तिरपे टाके घालत गेली. काठ बसला. रमीलाबाईंनी त्यावरून अंगठा फिरवला. घरचा पीळ नव्हता तो.

"मजबूत शे," त्या म्हणाल्या.

रात्री लग्न लागलं आणि तांदूळ भरलेली टोपली घेऊन सविता सासरी गेली.

सकाळी निरोप घ्यायला गेले तर रमीलाबाईंनी मोबाईल सुपाला टेकवून ठेवला होता. पडद्यावर हळदीच्या हातांची सविता हसत होती. आईच्या मांडीवर नवी टोपली.

"सविता माले तिना टाका शिकाडी ऱ्हायनी," त्या लाजून म्हणाल्या.

ती टोपली मी मागून घेतली. हे काम आता रमीलाबाईंबरोबरच संपणार, असं मनात धरूनच मी आले होते. आपलं चुकलं याचा इतका आनंद मला क्वचितच झाला असेल. काठाचे पहिले टाके वेडेवाकडे आहेत. पुढे रमीलाबाईंचा हात बसत गेलाय.