रामहरीतात्यांची जीभ

जळकोटच्या आमच्या वस्तीवर निंबोळी अर्क फवारायचा, तर आधी तो रामहरीतात्यांना चाखवावा लागतो. निंबोळ्या कुटून, रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळल्या की साबण घालायच्या आधी थेंबभर अर्क तात्यांच्या जिभेवर. तोंड वाकडं झालं, तर अर्क चांगला. डोळे मिटले, तर अळीचं काही खरं नाही. तात्यांचा रुबाब काय विचारता! लोक तांब्या घेऊन उभे, आणि हे मिशा पुसत बसलेले.

यंदा दसऱ्याला ताप आला आणि जाताना तात्यांची चव घेऊन गेला. भाकरी काय, पेंड काय, सगळं सारखंच. पण कबूल करतील तर ते तात्या कसले? अर्क यायचे आणि हे इमानानं तोंड वाकडं करायचे.

मग शेजारचा बब्रुवान आला. त्याची चार एकर तूर ऐन फुलात आणि शेंड्याशेंड्यावर अळी. तात्यांनी चाखलं, डोळे मिटले.

"जहाल हाय. सकाळी मार."

बब्रुवान खुशीत गेला. उरलेल्या अर्काची वाटी दैवशालाकाकूंनी धुवायला उचलली, तर कुबट वास आला. त्यांनी बोट लावून चाखलं. नुसतं पाणी! निंबोळ्या गेल्या सालच्या, बुरशी धरलेल्या. काकूंनी नवऱ्याकडं एकदा नीट बघितलं आणि चहात साखरेऐवजी मीठ घातलं.

"झ्याक झालाय," तात्या म्हणाले.

"मीठ हाय त्येच्यात. अवं, तुमच्या सोंगापायी त्या पोराची तूर गेली असती की! सकाळी जावा अन् खरं सांगा."

तात्या रात्रभर कूस बदलत राहिले. गावात त्यांची पत काय ती त्या जिभेची. तरी उजाडताच गेले, याचं मला खरंच कौतुक वाटतं. बब्रुवान पंप भरतच होता.

"थांब रं. मला महिनाभर चवच न्हाय. तुझा अर्क म्हंजी पाणी हाय."

बब्रुवान आधी भडकला, मग हवालदिल झाला. "आता वो, तात्या?"

मागून काकू आल्या, डोक्यावर यंदाच्या निंबोळ्यांची पाटी. "ह्या कुटून भिजव. उद्या म्या चाखते."

"काकू, तुमाला कळंल कडू?"

काकूंनी पाटी उतरवली आणि तात्यांकडं बघितलं.

"तीस वरसं ह्यांच्यासंग काढली, बाबा. मला न्हाय कळंल तर कुणाला?"