कोरडं डोक्सं

पौर्णिमा पातूरच्या माळ्याची. घरी वांगी, कोबी, शेवंती. आणि ही अमरावतीला, राजापेठेत खोली घेऊन, मेंदूचं गणित करते. विहिरीत खडा टाकून आवाजावरून पाण्याची खोली ओळखतात ना, तसलाच तो प्रकार. फिट येणाऱ्या माणसाच्या डोक्याला तारा लावून लहरी टिपायच्या, संगणकात खोटा मेंदू उभा करायचा आणि लहरी जुळेपर्यंत त्याचे आकडे हजारदा बदलत राहायचे. जुळल्या की बिघाडाची जागा कळते.

मायाची जागा उजवीकडे निघाली. ही माया पातूरचीच, चोवीस वर्षांची. मेंदूत कुठे कापायचं हे अकोल्याचे डॉक्टर गुरुवारी ठरवणार होते, आणि हा अहवाल त्यांच्यापुढे जाणार होता.

"पंच्याण्णव टक्के खात्री," पौर्णिमाचे मार्गदर्शक शेखर सर खुशीत म्हणाले. "सही कर."

"सर, फिट येताना तिचा आधी उजवा हात वळतो. उजवा हात मेंदूची डावी बाजू चालवते, मग बिघाड डावीकडे हवा. आणि डावीकडच्या तारांच्या लहरी बघा, नुसती खरखर आहे."

"लहरी टिपणाऱ्या तंत्रज्ञाने सगळ्या तारांपुढे 'ठीक' लिहिलंय. गणितापेक्षा तुला जास्त कळतं का?"

पौर्णिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सही न करताच ती पातूरच्या एसटीत बसली.

मायाची आई तानुबाई ओट्यावर फुलं निवडत होती.

"मावशी, तपासणीले नेलं तवा डोक्सं धुतलं होतं का?"

"धुतलं ना वं! चिठ्ठीत लिवलं होतं, केस धुऊन आणा. शिकेकाईनं धुतलं."

"अन् मंग?"

"मंग तेल लावलं. कोरड्या डोक्सानं पोरीले दवाखान्यात नेऊ? कोरडं डोक्सं त मयताच्या दिवशी ठेवतेत, माय!"

पौर्णिमाला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. तिच्या घरीही न्हाणं म्हणजे धुणं आणि तेल, दोन्ही मिळूनच. तेलावर तारा नीट बसत नाहीत, लहरी बिघडतात. चिठ्ठीत 'तेल लावू नका' हे तीन शब्द लिहायला कुणाचा हात झिजला असता? तंत्रज्ञाच्या बोटांना तेल लागलं नाही? आणि तिचं गणित! सगळ्या तारा सारख्याच चांगल्या, असं तिनंच त्यात धरलं होतं.

"पण खरखर डावीकडंच काहून?" ती पुटपुटली.

"डावीकडं जास्त जिरवलं ना मी. फिट यायच्या आधी तिथंच दुखते म्हणते थे."

मायाचं डोकं पौर्णिमानं तिथंच, मोरीत, स्वतःच्या हातानं दोनदा धुतलं. तानुबाई तोंड फिरवून बसली; लेकीचं ते कोरडं डोकं तिला बघवेना.

बुधवारी अकोल्याला पुन्हा तपासणी झाली. गणितानं रात्रभर आकडे खाल्ले आणि गुरुवारी पहाटे जागा सांगितली: डावीकडे.

"त्या अडाणी बाईच्या तेलापायी सगळा घोळ," शेखर सर म्हणाले.

"अडाणी?" पौर्णिमाचा आवाज चढला, सगळी प्रयोगशाळा वळून बघू लागली. "तुमच्या पंच्याण्णव टक्क्यांनी पोरीचा चांगला मेंदू कापला असता, सर! त्या बाईनं बरोबर जागेवर तेल लावलं होतं. तिला कुणी विचारलंच नाही."

तेवढ्यात अकोल्याहून तानुबाईचा फोन आला.

"झालं का वं बाई? आता तरी लावू का पोरीले तेल?"