तेल लावून गरम कुंडात

आम्ही राहतो त्या ब्योब्लिंगेनहून दीड-दोन तासांवर, श्वार्त्सवाल्डच्या जंगलातल्या एका उतारावर जपानी पद्धतीचं हॉटेल आहे. खाली जमिनीतून गरम पाणी येतं आणि वर माणसं त्याबद्दल हळू आवाजात बोलतात. रिसेप्शनवरचा जर्मन तरुण आमच्यासमोर इतका खाली वाकला, की सासूबाई दचकल्या.

"पाया पडतोय की काय?" असं विचारताना त्यांनी सवयीने आशीर्वादाचा हात उचललाही. मग चहा आला. चहा दोन घोट होता, त्याची माहिती बरीच जास्त.

आईला गरम पाण्याने बरं वाटेल, ही नवऱ्याची कल्पना. तो गाड्यांचे ब्रेक तपासतो, तपासल्याशिवाय काही सोडत नाही. या हॉटेलचे सगळे फोटो त्याने पाहिले, नियम वाचायचे तेवढे राहिले. ते मी खोलीत वाचले. बायकांचं कुंड वेगळं, आणि पाण्यात अंगावर कपडा चालणार नाही.

सासूबाईंचा डावा स्तन कॅन्सरमुळे काढून दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून साडी बदलतानाही त्या आतून कडी लावत. ती खूण घरात कुणी पाहिली नव्हती. मी कधी विचारलंही नव्हतं.

मी त्यांना नियम सांगितला.

"मी परकर छातीवर बांधून उतरेन," त्या म्हणाल्या. "नदीवर बायका काय करतात?"

"आई, कपडा चालत नाही म्हणतात."

"म्हणू देत. मला कुठे जर्मन कळतं?"

कुंडाच्या दाराशी मला तेलाचा वास आला. गरम पाण्याची आंघोळ म्हणजे आधी तेल, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. खोलीतच त्यांनी पुण्याहून आणलेलं तीळतेल अंगभर चोळलं होतं आणि वरून परकर बांधला होता. तिथल्या बाईने त्यांचे चकाकणारे दंड पाहिले आणि फार नम्रपणे सांगितलं: पाण्यात तेल चालत नाही, आधी साबणाने सगळं अंग धुवा. परकराकडे बोट करून तिने मान हलवली. त्यासाठी जर्मन यावं लागत नव्हतं.

भिंतीशी लाकडी बुटकी स्टुलं आणि बादल्या होत्या. सासूबाई एका स्टुलावर बसल्या.

"हे बरं आहे. तुमच्या त्या काचेच्या पेटीत उभ्याने आंघोळ म्हणजे गाडी धुतल्यासारखं वाटतं."

हातपाय धुऊन झाले. मग त्या थांबल्या. परकर तेलाने पाठीला चिकटला होता. समोर कुंडात दोन जर्मन आज्या गळ्यापर्यंत बुडून गप्पा मारत होत्या.

"खोलीत जाऊ या," मी म्हणाले. "चहा घेऊ."

"पुन्हा तो चहा?"

बादली मांडीवर धरून त्या थोडा वेळ बसल्या. मग त्यांनी गाठ सोडली.

"बघ. पुढे चोरून बघण्यापेक्षा आत्ताच बघून घे."

काखेपासून छातीच्या मध्यापर्यंत तिरकी, फिकट रेघ होती. मी मनात याहून बरंच भयंकर काही धरलं होतं.

"बघितलं," मी म्हणाले.

"मग पाठ चोळ. जोर लाव. तेल काही कमी लावलेलं नाही."

मी चोळली. मधेच "भांडं घासतेस का?" असंही ऐकून घेतलं. चार बादल्या ओतल्यावर त्या माझ्या हाताला धरून उठल्या आणि छोटा टॉवेल छातीशी धरून काठापर्यंत गेल्या. आतल्या एका आजीने आपल्या डोक्याकडे बोट दाखवलं. तिथे तिच्या टॉवेलची घडी होती. टॉवेलही पाण्यात बुडवायचा नसतो.

सासूबाईंनी पाण्याकडे पाहिलं. टॉवेलची नीट घडी घातली, डोक्यावर ठेवली आणि कठडा धरून पायऱ्या उतरल्या.

"श्योन, या?" आजी म्हणाली, म्हणजे छान आहे ना.

"या, या," दारात पाहुणे आल्यासारखं सासूबाईंनी उत्तर दिलं आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसून डोळे मिटले. थोड्या वेळाने एक उघडला. मी अजून काठावर होते, अंगाला मोठा टॉवेल गच्च गुंडाळून.

"अगं, तू कुणाची वाट बघतेस?" त्या म्हणाल्या. "काढ ते आणि ये. नियम आहे इथला."