शेकडो कंपन्यांचा पत्ता

आमच्या शायेन गावात अर्लिन होस्कोवेक म्हणून एक बाई आहे. तिच्या पुढच्या खोलीत शेकडो कंपन्या नांदतात, आणि बसायला मात्र एकच खुर्ची, तीही कुरकुरणारी! आमच्या वायोमिंग राज्याचा कायदाच तसला. मर्यादित जबाबदारीची कंपनी इथे काढा, मालक खुशाल फ्लोरिडात पाय पसरून बसू दे. पण राज्यात एक पत्ता हवा, आणि कामाच्या वेळात कोर्टाचे कागद घ्यायला तिथे हाडामांसाचं माणूस हवं. ते माणूस म्हणजे अर्लिन. नवरा गेल्यापासून बाई खिडकीशी बसलीय. एकदा दाढ ठणकली म्हणून उठली, तर नेमका तेव्हाच कोर्टाचा कागद घेऊन शेरीफचा माणूस येऊन परत गेला. त्या कंपनीचा ओहायोतला मालक फोनवर असा भुंकला, की त्यापेक्षा दाढ बरी!

परवा लॅरमीहून धाकट्या बहिणीचा, लोर्नाचा फोन आला. "मंगळवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. सोबत कुणीतरी लागतं, नाहीतर घरी सोडत नाहीत. येतेस ना?"

"मंगळवारी इथे कोण बसेल गं?"

"खुर्चीला सांग, ती सवयीने घेईल कागद!"

अर्लिनने शेरीफच्या माणसाला, ड्वेनला, गाठलं. "मंगळवारी येऊ नकोस रे बाबा."

"अर्लिनबाई, कागद हातात पडला की मला निघावंच लागतं. तुमची कॉफी आवडते म्हणून कोर्ट थोडंच थांबतंय?"

शेवटी लोर्नाला चर्चमधल्या कुणा बाईने नेलं, आणि अर्लिन खिडकीशी बसली. सकाळ गेली, दुपार गेली. सूप गरम केलं, तेही निवलं. वारा तेवढा दार हलवून गेला.

संध्याकाळी लोर्नाचा फोन. "कोण आलं होतं गं?"

"कुणी नाही."

"बरं."

एवढंच. टोमणासुद्धा नाही! लोर्ना टोमणा गिळते तेव्हा तिला किती लागलंय, ते बहिणीलाच कळतं.

दुसऱ्याच दिवशी अर्लिनने सगळ्या कंपन्यांचं काम सोडत असल्याचं सरकारला कळवून टाकलं, आणि मग बहिणीला फोन लावला.

"सोडलंस? मग उद्या ये की!"

"उद्या कशी येऊ? सोडलं तरी महिनाभर बसावंच लागतं. त्यांना दुसरं माणूस शोधायला वेळ नको?"

"म्हणजे काम सोडायलाही बसूनच राहायचं! धन्य तुझी. माझा दुसरा डोळा दीड महिन्यानं आहे."

"तेव्हा मी येणार. गाडी मीच चालवणार."

"तू? देवा, मग डोळा झाकलेलाच बरा!"

लोर्ना खिदळली, आणि दमलेली अर्लिनही खुर्चीत मान टाकून हसत राहिली.